औषध सुरू आहे, पण मित्र नाही: एडीएचडी असलेल्या मुलाला उभारी कुठून मिळते?

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. त्याला एक धाकटी बहीण आहे. गेल्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याचं आणि अतिचंचलतेचं, निदान झालं, औषध सुरू झालं. अभ्यासात बराच फरक पडला. पण त्याला एकही मित्र नाही. सोसायटीतली मुलं खेळायला घेत नाहीत, वाढदिवसाला कुणी बोलावत नाही. रात्री झोपताना विचारतो, "आई, मी कुणालाच का आवडत नाही?" मिस्टर म्हणतात, मुलांनी टक्केटोणपे खाल्लेच पाहिजेत, त्यातूनच ती घट्ट होतात. सासूबाई म्हणतात, मीच त्याला लाडावून ठेवलाय. त्याला आतून उभारी यावी म्हणून मी काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या मुलाचा झोपतानाचा प्रश्न मी गेली बावीस वर्षं, अशी मुलं भेटायला येतात त्या माझ्या खोलीत, वेगवेगळ्या शब्दांत ऐकते आहे. सात वर्षांची एक मुलगी म्हणाली होती, "मी आले की खेळ संपतो." या प्रश्नाला "असं काही नाही रे, सगळ्यांना आवडतोस तू" असं उत्तर कृपा करून देऊ नका. ते खरं नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि पुढच्या वेळी तो विचारणारच नाही. "आज काय झालं ते सांग" एवढंच म्हणा आणि ऐका. मधे सल्ला देऊ नका. मूल अजून विचारतंय, म्हणजे त्याचा तुमच्यावर भरवसा आहे. पुढचं सगळं त्या भरवशावरच उभं राहणार आहे.

आधी टक्केटोणप्यांचं. मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. अडचणीतून माणूस घडतो हे आपण आजूबाजूला पाहतोच. पण गुडघा फुटल्यावर घरी कुणीतरी हळद लावणारं असतं, म्हणून पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावर चढतं. ते हळद लावणं काढून घेतलं तर उरते ती नुसती जखम. शिवाय एडीएचडीच्या मुलाला टक्केटोणपे काही कमी पडत नाहीत. सकाळपासून बघा. दात घासलेस का, किती वेळा सांगू, दुसरा मोजा कुठाय, डबा राहिला, रिक्षावाले काका थांबलेत, तुझ्यामुळे रोज उशीर. शाळेचं फाटक येईपर्यंत त्यानं आपलं चुकल्याचं कितीतरी वेळा ऐकलेलं असतं. एका आईला मी एक दिवस फक्त रेघा मारायला सांगितल्या होत्या, टोकलं की डाव्या पानावर, कौतुक केलं की उजव्या पानावर. संध्याकाळी ती वही घेऊन आली तेव्हा डावं पान भरून रेघा समासात गेल्या होत्या. उजव्या पानावरच्या मोजायला एका हाताची बोटं पुरली. चांगली, मायाळू आई होती ती. वही माझ्यासमोर ठेवून बराच वेळ काही बोलली नाही.

उभारी म्हणजे काय, यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधिकांनी ती मुलं चाळिशीला येईपर्यंत ठेवला. त्यातल्या अनेक मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातलं व्यसन, आई-वडिलांचे आजार किंवा भांडणं यांतलं बरंच काही एकदम आलेलं होतं. अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं मोठेपणी चांगली, जबाबदार, इतरांना जपणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात सारखं काय सापडलं? एक तरी मोठं माणूस जे टिकून राहिलं, मग ती आजी असेल, थोरली बहीण असेल किंवा शाळेतल्या बाई. आणि दुसरी गोष्ट म्हणजे इतरांना खरोखर गरज असलेलं एखादं काम त्या मुलांकडे होतं, म्हणजे धाकट्यांना सांभाळणं किंवा घरातली एखादी जबाबदारी.

त्याच अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे. सावरलेली ही मुलं बाळपणी बहुतेक शांत, हसरी, लळा लावणारी होती. अशा बाळाला शेजारीण आपणहून उचलून घेते, त्याच्यासाठी माणसं आपोआप जमतात. एडीएचडीच्या मुलाची पंचाईत नेमकी इथे होते. त्याला आधाराची गरज सगळ्यांत जास्त, आणि त्याचा स्वभाव आधार देऊ शकणाऱ्या माणसांनाच दमवून टाकणारा. आजी दोन तासांत थकते, बाई वैतागतात, मित्र निघून जातात. म्हणून या मुलांच्या बाबतीत "होईल आपोआप" हे चालत नाही. आधाराची माणसं मोठ्यांनी मुद्दाम, विचार करून, एकेक करून जोडावी लागतात. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे, आणि खाली जे लिहिते आहे ते सगळं ती माणसं कशी जोडायची याबद्दल.

आता औषध लागू पडलं तरी मित्र का मिळाले नाहीत ते सांगते, कारण यात ना तुमची चूक आहे ना त्याची.

अमेरिकेत नव्वदच्या दशकात एडीएचडीच्या ५७९ मुलांवर एक मोठा उपचार-अभ्यास झाला. औषध, वर्तनोपचार (म्हणजे वागण्याला वळण लावण्याचे उपचार) आणि दोन्ही एकत्र, असे गट करून १४ महिने उपचार दिले गेले. लक्षणं कमी झाली, विशेषतः औषध घेणाऱ्या गटांत. पण यातल्या काही मुलांच्या वर्गमित्रांना विचारलं तेव्हा दिसलं, की निम्म्याहून अधिक मुलांना वर्गानं नाकारलेलं होतं, आणि उपचारानंतरही वर्गाचं मत फारसं बदललेलं नव्हतं. दुसऱ्या एका अभ्यासात एकमेकांना अजिबात न ओळखणारी मुलं उन्हाळी शिबिरात एकत्र आणली होती. तिथे पहिल्याच दिवशी एडीएचडीची मुलं नावडती ठरली. म्हणजे पत जायला एक दिवस पुरतो, आणि गेलेली पत वागणं सुधारल्यावरही लवकर परत येत नाही. तुमचा मुलगा आज पूर्वीपेक्षा शांत असेल, पण वर्गाच्या डोक्यात अजून पहिलीतलाच मुलगा आहे, रांग मोडणारा आणि दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारा.

वयाचाही भाग आहे. २००७ साली मेंदूच्या चित्रणावरून झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी बहुतेक भागांत सर्वाधिक होण्याचं मधलं वय इतर मुलांत साधारण साडेसात होतं आणि एडीएचडीच्या मुलांत साडेदहा. सर्वांत जास्त उशीर होता तो कपाळामागच्या भागाला, म्हणजे थांबणं, वाट पाहणं, आवरणं ज्याच्याकडे असतं त्या भागाला. पालकांना मी सांगते, गणितात तो नऊ वर्षांचा आहे, पण वाट पाहण्यात सहा-सात वर्षांचा समजा. सहा वर्षांचं पोर क्रिकेटमध्ये आउट झाल्यावर बॅट घेऊन रडत घरी गेलं तर आपण हसतो. नऊ वर्षांच्या मुलानं तेच केलं की बाकीची दहा मुलं त्याला पुन्हा बोलावत नाहीत.

नियम त्याला माहीत असतात, हेही लक्षात घ्या. माझ्यासमोर बसून ही मुलं "मित्राशी कसं वागावं" यावर उत्तम बोलतात. त्या घडीला मात्र ते आठवत नाही. म्हणूनच दवाखान्यात आठवड्याला एकदा घेतलेल्या सामाजिक कौशल्यांच्या वर्गांचा या मुलांना फारसा उपयोग झाल्याचं मोठ्या आढाव्यांत दिसलेलं नाही. मीसुद्धा पहिली काही वर्षं असे वर्ग घेतले. मुलं यायची, खेळायची, आनंदानं घरी जायची आणि सोसायटीच्या आवारात पुन्हा तेच व्हायचं. ते वर्ग मी बंद केले. आता मी आई-बाबांना शिकवते, कारण जिथे गाडं अडतं तिथे मी नसते, तुम्ही असता.

वर्गाचं मत बदलणं फार अवघड आहे. एक मित्र मिळवणं त्या मानानं कितीतरी सोपं आहे, आणि सुदैवानं एक पुरतो. ज्याला एक तरी घट्ट मित्र आहे, त्याला बाकीच्यांच्या नाकारण्याचा घाव कमी लागतो. पालकांनी मैत्रीत मुलाला कशी साथ द्यावी यावर परदेशात पद्धतशीर काम झालं आहे. मी ते आपल्याकडच्या घरांना बेतून वापरते.

मित्र निवडताना वर्गातला सगळ्यांचा लाडका मुलगा निवडू नका. थोडा शांत, फारसा न चिडणारा, एखादी आवड जुळणारा बघा. वर्षभरानं लहान असला तरी चालेल. तुम्हाला सुचत नसेल तर वर्गशिक्षिकेला विचारा, "वर्गात याच्याशी सहज कोण बोलतं?" बाईंना ते बहुधा माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. मग त्या मुलाच्या आईला फोन करा, एकाच मुलाला बोलवा आणि वेळ ठरवून बोलवा. तीन मुलं आली की दोघांची जोडी जमते आणि तुमचा मुलगा बाहेर राहतो.

वेळेबद्दल एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेटसारख्या औषधाचा साधा प्रकार साधारण चार तास काम करतो, शरीरात हळूहळू सुटणारा प्रकार आठ ते बारा तास. सोसायटीत मुलं खेळायला उतरतात संध्याकाळी सहाला, म्हणजे सकाळच्या गोळीचा असर बहुधा ओसरलेला असतो. त्यात या औषधानं दुपारची भूक मरते, डबा अर्धा परत येतो आणि संध्याकाळी पोर उपाशीपोटी मैदानात उतरतं. भुकेलेलं, औषध उतरलेलं, दिवसभर शाळेत स्वतःला आवरून दमलेलं मूल, आणि समोर दहा मुलांचा आरडाओरडा. भांडण होणारच. त्याला खाली जाण्याआधी पोटभर काहीतरी द्या, पोळीचा लाडू, थालीपीठ, काहीही. मित्राला बोलवायचं ते औषधाच्या वेळेत, म्हणजे सुट्टीच्या सकाळी. रविवारी गोळी देत नसाल तर डॉक्टरांना हे कारण सांगून विचारा. स्वतःच्या मनानं मात्र गोळी वाढवू किंवा बंद करू नका.

काय खेळायचं ते महत्त्वाचं. कॅरम, क्रिकेट, पत्ते, मोबाइलवरचे गेम सुरुवातीला नकोत. त्यात पाळीची वाट पाहावी लागते आणि शेवटी कुणीतरी हरतं. मला आजवर सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे दिवाळीचा किल्ला. एका घरचा प्रसंग सांगते. मुलगा तुमच्याच मुलाएवढा, तशीच तक्रार. आईनं शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाला किल्ल्यासाठी बोलावलं. आदल्या रात्री मुलाशी दोनच गोष्टी ठरवल्या. पहिली निवड पाहुण्याची. आणि आई "पाणी पिऊन जा रे" म्हणाली की हातातलं ठेवून आत यायचं, पाणी प्यायचं, मग परत जायचं. दुसऱ्या दिवशी विटा, जुनं पोतं, लाल मातीची दोन घमेली असा थाट मांडला आणि आई गॅलरीच्या दाराशी मेथी निवडत बसली. मुलाला राजगड करायचा होता. पाहुणा म्हणाला, सिंधुदुर्ग. हा गप्प झाला, आईकडे बघितलं, आणि मग म्हणाला, "मग समुद्र लागेल. मी टब आणतो." माती कालवायचं काम त्याच्याकडे आलं, कारण त्याला एका जागी बसायचंच नव्हतं. थोड्या वेळानं रंगात येऊन तो चिखल उडवायला लागला. आई म्हणाली, "पाणी पिऊन जा रे." तो आत गेला, घटाघटा प्यायला, बाहेर येऊन पुन्हा कामाला लागला. पाहुण्याला कळलंही नाही की काही घडलं. दीड तासानं, दोघं मजेत असतानाच, आईनं थांबवलं. "अळीव उद्या पेरायचे." तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला, आणि मग अळीव उगवले का ते बघायला रोजच यायला लागला, न बोलावता.

या एका प्रसंगात माझं सगळं शास्त्र आहे. हात कामात आहेत, पाळी नाही, हार-जीत नाही, पसारा माफ आहे, काम पुढच्या दिवसावर उरतं. आई जवळ आहे पण खेळात नाही. सूचना चारचौघांत "नीट वाग" अशी नाही, आधी ठरलेली आणि खुणेची आहे. दिवाळी लांब असेल तर कागदाचा आकाशकंदील, सायकल धुणं, भेळ करणं, कुंड्यांत बी लावणं, यातलं काहीही चालतं. संपल्यावर त्याची उजळणी घेऊ नका. एकच नेमकी गोष्ट सांगा. "त्याला सिंधुदुर्ग हवा होता तेव्हा तू थांबलास. मी बघितलं." एवढं पुरे.

घराबद्दल जरा मोकळेपणानं लिहिते. आधार देणं आणि लाड करणं यातला फरक सासूबाईंना शब्दांनी पटणार नाही, त्यांना तो दिसायला हवा. गृहपाठ तुम्ही करून देणं हा लाड. गृहपाठाच्या वेळी शेजारी बसून आपलं काम करणं, दहा मिनिटांनी "झालं तेवढं दाखव" म्हणणं, हा आधार. पहिल्यात आपण त्याचं ओझं काढून घेतो. दुसऱ्यात ओझं त्याच्याच पाठीवर राहतं, आपण फक्त सोबत चालतो. शिस्तही तशीच राहते. बहिणीला मारलं तर त्याचा परिणाम ठरलेला, लगेच होणारा आणि छोटा असावा. लांबलचक भाषणाचा या मुलांवर परिणाम होत नाही, दुसऱ्या वाक्यापर्यंत मन कुठेतरी गेलेलं असतं.

सासूबाईंना एक प्रश्न विचारून बघा, "हे लहान असताना कसे होते?" एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, सुमारे ७० ते ८० टक्के, असतो. तो आईकडून येऊ शकतो तसा वडिलांकडूनही. माझ्याकडे कितीतरी आज्या मुलाच्या तक्रारी सांगता सांगता मधेच थांबतात आणि म्हणतात, "अहो, याचा बापही अस्साच होता." तिथून बोलण्याचा सूर बदलतो. आणि टक्केटोणप्यांवर भर देणारे बाबा अनेकदा स्वतः तसेच वाढलेले असतात. त्यांना त्या वयात कुणी समजून घेतलं नाही आणि ते कसेबसे सावरले. त्यांना एकांतात विचारा, शाळेत असताना कोण होतं तुमच्या बाजूनं? बहुतेकांना एक नाव आठवतं. कुणी मामा, कुणी पीटीचे सर, कुणी गॅरेजवाला काका. मग त्यांना म्हणा, आपल्या मुलासाठी ते माणूस तुम्ही व्हा. रोज दहा मिनिटं, मुलगा म्हणेल ते त्याच्यासोबत करायचं, त्यात शिकवणं नाही, टोकणं नाही, मोबाइल नाही. ही दहा मिनिटं बक्षीस नाहीत, तो दिवसभर कसाही वागला तरी मिळायलाच हवीत.

धाकट्या बहिणीला विसरू नका. अशा घरात शहाण्या भावंडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिचीही दहा मिनिटं वेगळी ठेवा.

आणि तुम्ही. तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःबद्दल एक ओळही नाही, फक्त दुसरे तुम्हाला काय म्हणतात ते आहे. सततच्या टीकेखाली असलेली आई शांत राहू शकत नाही, आणि आई शांत नसली की मुलाला ते सगळ्यांत आधी कळतं. माझ्याकडे महिन्यातून एकदा पालकांचा गट बसतो. तिथे मी फार बोलत नाही. एखादी आई सांगते की आज मुलानं लग्नात जेवणाच्या रांगेत गोंधळ घातला आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि समोरच्या आठ जणी माना डोलावतात, एवढंच होतं. त्या रात्री त्या बाईला झोप लागते. तुमच्या गावात असा गट नसेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, "अशाच मुलांच्या दोन आयांना माझा नंबर द्या." दोघीतिघींचाही गट होतो.

शाळेकडे वळते. पालक पाठीमागे लागतात ते मार्कांच्या, पण या मुलांचं खरं नुकसान मधल्या सुट्टीत होतं. वर्गात निदान बाई असतात. सुट्टीत नियम नसतो, मोठं माणूस नसतं, आवाज असतो. पाचवीतला एक मुलगा रोज सुट्टीच्या शेवटी मारामारी करून वर्गात यायचा. शाळेतल्या शिपाईकाकांनी आपणहून एक मार्ग काढला. त्याला घंटा वाजवायचं काम दिलं. त्यासाठी पाच मिनिटं आधी येऊन काकांजवळ उभं राहायचं, घड्याळाकडे बघायचं, काट्यावर काटा आला की टोल द्यायचा. सुट्टीतली सगळ्यांत वाईट पाच मिनिटं तो आता एका मोठ्या माणसाच्या शेजारी घालवत होता. महिनाभरात मुलं त्याच्याकडे यायला लागली, "आज जरा उशिरा वाजव ना." वर्गासाठी तो त्रास देणारा राहिला नाही, घंटेवाला झाला. कवाईच्या मुलांकडे होतं तसं, लोकांना गरज असलेलं एक काम त्याच्याकडे आलं. ना मी सुचवलं होतं ना मुख्याध्यापकांनी. मी त्या काकांना भेटून आले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "पोरगं वाईट नाही, त्याला काम पाहिजे."

तुम्ही वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका आणि इंटरनेटवरची वीस पानंही नेऊ नका. एका कागदावर तीन ओळी लिहून न्या. त्याला पुढच्या बाकावर, शांत मुलाशेजारी बसवता येईल का? त्याला रोज एखादं हिंडण्या-फिरण्याचं काम देता येईल का, वह्या वाटणं, खडू आणणं? आणि डायरीत रोज एक चांगली गोष्ट लिहिता येईल का, एका वाक्याची? लाल शेरे तर येतातच. त्या एका वाक्यावर घरी संध्याकाळ बदलते. वर्गाबाहेर उभं करणं, चारचौघांत अपमान करणं हे होत असेल, तर शांतपणे पण स्पष्ट सांगा. शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. लिहिण्या-वाचण्यातही त्याची अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, कारण दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. परीक्षेतल्या सवलतींचा विचार करताना हा फरक माहीत असलेला बरा.

मुलाला स्वतःला काय सांगायचं? खरं सांगायचं, त्याच्या वयाच्या शब्दांत. मी म्हणते, "प्रत्येकाच्या डोक्यात थांब म्हणणारी एक घंटा असते. तुझी जरा उशिरा वाजते, म्हणून हात आधी पुढे जातो. गोळीनं ती थोडी वेळेवर वाजते. बाकीचं आपण सरावानं करू." हे ऐकून मुलांचे खांदे खाली येतात, मी अक्षरशः बघते. तोवर त्यांनी स्वतःसाठी एकच कारण शोधलेलं असतं, की मी वाईट आहे. "तुला एडीएचडी आहे म्हणून तू असं वागलास" हे वाक्य मात्र भांडणात कधी वापरू नका. ते हत्यार होतं, पुढे तो ते तुमच्यावरच उगारतो.

एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. "मी नसतो तर बरं झालं असतं", "मला मरायचंय" असं तो रागात म्हणाला तरी सोडून देऊ नका. जवळ बसून विचारा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. खेळणं, खाणं, आवडीची गोष्ट सुटली, झोप बिघडली, तरीही सांगा. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, आणि मुलांसाठी १०९८. आधाराची माणसं औषधाची जागा घेत नाहीत, आणि औषध माणसांची.

आता या आठवड्यात सगळं करायला जाऊ नका. बाईंना तो एक प्रश्न विचारा, याच्याशी सहज कोण बोलतं. नाव मिळालं की त्या मुलाच्या आईला फोन करा आणि रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा एवढंच बोलावणं द्या. मुलाला आधी पोटभर न्याहारी द्या. खुणेचा शब्द ठरवा, तो त्यालाच निवडू द्या. पहिल्या वेळी भांडण झालं तरी पाहुण्याला हसून निरोप द्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवा. माझ्याकडच्या बऱ्याच घरांत जमलं ते तिसऱ्या-चौथ्या वेळी. तिसऱ्या वेळेनंतर मला कळवा, खुणेचा शब्द किती वेळा वापरावा लागला तेही लिहून ठेवा, म्हणजे पुढचं आपण त्यावरून ठरवू.